उकळली की निवळणारी लघवी

1844 चा पावसाळा कोल्हापूर संस्थानात धामधुमीचा गेला. दाजी पंडितांच्या नव्या कारभाराने गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींना हात घातला, तेव्हा कागलच्या दक्षिणेला, गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचे दरवाजे आतून बंद झाले. पाठोपाठ भुदरगड उठला. ऑक्टोबरात सामानगड पडला आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पन्हाळा. त्या गदारोळात कुणाच्या पाठीत कळ आली, कुणाची बरगडी मोडली, हे लिहून ठेवायला कुणाला सवड असणार? कागलकर घाटग्यांपैकी हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, तेव्हा दिल्लीच्या पहाडीवर राहत होते. त्यांच्या तिथल्या हवेलीचं पुढे रुग्णालय झालं आणि कागलच्या माणसाचं नाव आजही दिल्लीकर औषधपाण्याच्या निमित्ताने घेतात. खुद्द कागलात मात्र दुखलं-खुपलं तर वैद्य, हाडं बसवणारा आणि तुंबडी लावणारा, एवढाच आधार.

लंडनमधल्या माणसाचा आधार फार वेगळा होता असं समजू नये. त्याच वर्षीच्या एप्रिलात सेंट थॉमस रुग्णालयात सारा न्यूबरी नावाची एकोणचाळीस वर्षांची बाई वारली. आधी नुसता थकवा होता आणि वाकलं की पाठ धरायची. मग हाडं मोडू लागली. नवऱ्याने उचलून बिछान्यावर नेताना मांडीचं हाड गेलं, पुढे गळ्याजवळचं, दंडाचं, हातांची. सॅम्युअल सॉली या शल्यविशारदाने मरणोत्तर तपासणीत हाडं उघडली, तर आतल्या मज्जेच्या जागी तांबडा गर भरलेला. हयात असताना बाईला रेवंदचिनीच्या गोळ्या आणि संत्र्याच्या सालीचा काढा दिला होता, शेवटी अफू. सॉलीने हे सगळं नीट लिहून छापलं. आजारावर तेव्हाच्या वैद्यकाने दिलेलं नाव होतं ‘मॉलिटीज ऑसियम’, हाडांचा मऊपणा. ते लक्षणाचं वर्णन झालं, निदान नव्हे.

निदानाची सुरुवात झाली ती त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि तीही सुट्टीवर गेलेल्या एका वाण्यामुळे. टॉमस अलेक्झांडर मॅकबीन, वय पंचेचाळीसच्या आसपास, प्रतिष्ठित व्यापारी. एका भुयारातून उडी मारून वर येताना त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि काही मिनिटं तो जागच्या जागी विव्हळत पडला. आपल्याकडे याला उसण भरली म्हणतात. लंडनच्या डॉक्टरांनीही उसणीवर करावं तेच केलं: छातीला लेपाची पट्टी लावली. तीन-चार आठवड्यांनी दुखणं उलटलं, तेव्हा पौंडभर रक्त काढलं आणि वर जळवा लावल्या. ज्याचं रक्त आतूनच आटत चाललं होतं, त्याचंच रक्त काढलं. पुढचे दोन-तीन महिने तो अशक्त होऊन पडून राहिला यात नवल नाही. 1845 च्या वसंतात बरगड्यांत पुन्हा कळा सुरू झाल्या. या वेळी टॉमस वॉटसन या नामांकित डॉक्टरने लोह आणि क्विनाइन दिलं, आणि मॅकबीन चक्क सुधारला. उन्हाळ्यात तो स्कॉटलंडला गेला आणि तिथल्या टेकड्यांवर सोबत्यांच्या बरोबरीने पळाला. हा आजार असा मध्येच सैल सोडतो, आणि मग घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं.

ऑक्टोबरात कंबर आणि मांडी धरली. 30 ऑक्टोबरला वॉटसनने डॉ. विल्यम मॅकिन्टायरला बोलावलं. मॅकिन्टायर स्कॉटिश, लंडनच्या धर्मादाय दवाखान्यांत काम करणारा, फारसा नावाजलेला नव्हे. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला खरा शहाणा माणूस हाच. त्याला रोग्याच्या अंगावर सूज दिसली. तोवर रिचर्ड ब्राइटच्या कामामुळे डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक झाली होती: सूज असेल तर लघवी तापवून पाहावी. अल्ब्युमिन जात असेल तर ती उष्णतेने फाटते आणि फाटलेलीच राहते. मूत्रपिंडाचं दुखणं ओळखण्याची ही साधी युक्ती. मॅकिन्टायरने हाडं दुखणाऱ्या माणसाची लघवी काचनळीत घेऊन दिव्यावर धरली.

तिथे जे घडलं ते आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनीही पुढे कित्येक वर्षं प्रात्यक्षिकात पाहिलं, म्हणून थोडं थांबून सांगतो. नळी पाण्याच्या भांड्यात ठेवायची, भांड्यात तापमापक, खाली मंद आच. चाळीस अंशांच्या पुढे आतला द्रव धुरकट होऊ लागतो. साठाच्या आसपास पांढरा, गढूळ साका धरतो. इथवर अल्ब्युमिनसारखंच. मग पाणी उकळीला येतं, आणि जे घट्ट व्हायला हवं ते विरघळायला लागतं. शंभर अंशांजवळ नळी जवळजवळ निवळ. आच काढून नळी बाजूला ठेवली की उतरत्या तापमानाबरोबर साका परत येतो. पुन्हा तापवा, पुन्हा जातो. मॅकबीनच्या लघवीत हा पदार्थ इतका होता की नायट्रिक आम्ल घातल्यावर ती आधी स्वच्छ झाली आणि थंड होता होता नळीतच थिजली.

वॉटसनने शनिवार, 1 नोव्हेंबर 1845 ला त्यातली एक नळी एका चिठ्ठीसह सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या हेन्री बेन्स जोन्सकडे धाडली. चिठ्ठीत नळीचं हे विचित्र वागणं चार ओळींत सांगून शेवटी एकच प्रश्न विचारला होता: हे आहे तरी काय? जोन्स तेव्हा एकतीस वर्षांचा. जर्मनीत गिसेनला लीबिगच्या हाताखाली रसायन शिकून आलेला, हुशार आणि स्वतःच्या हुशारीची पुरती जाणीव असलेला. पुढे त्याने फॅरडेचं चरित्र लिहिलं आणि डार्विनच्या पोटदुखीवर पथ्य सांगितलं. त्याने त्या पदार्थाचं पृथक्करण केलं आणि हिशेब मांडला की रोग्याच्या शरीरातून रोज सुमारे 67 ग्रॅम प्रथिन असंच वाहून जातं आहे. पदार्थाला त्याने अल्ब्युमिनचं एक ऑक्साइड ठरवलं. ते चुकीचं निघालं. पण हाडं मऊ होण्याच्या प्रत्येक रोग्यात हा पदार्थ शोधावा, असं त्याने ठामपणे लिहून ठेवलं आणि ते अगदी बरोबर होतं.

1 जानेवारी 1846 ला मॅकबीन गेला. शवविच्छेदनात बरगड्या सुरीने कापता येतील इतक्या मऊ निघाल्या. आत रक्ताच्या रंगाचा, बोटांना तुपकट लागणारा गर. जॉन डॅलरिंपलने तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्याला रक्तपेशीच्या दीडपट-दुप्पट मोठ्या, गोल-लांबट पेशी दिसल्या. काहींत दोन-दोन, तीन-तीन केंद्रकं. त्या पेशींना नाव नव्हतं. ते द्यायला आणखी तीस वर्षं लागायची होती.

श्रेयाचा हिशेब मात्र लवकर झाला आणि चुकला. जोन्सने 1847 आणि 1848 मध्ये आपले निबंध छापले, मॅकिन्टायरने आपली हकिकत 1850 मध्ये. पुढे 1880 मध्ये फ्लायशर या जर्मनाने त्या पदार्थाला ‘बेन्स जोन्स प्रथिन’ म्हटलं आणि नाव चिकटलं. प्रथिनाचं रसायन जोन्सचं, हे कबूल. पण मोडकी बरगडी आणि लघवीची नळी ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत, हे ज्याला सुचलं तो मॅकिन्टायर. आजही ‘युरिन बीजेपी’ अशी आद्याक्षरं लिहिलेली चिठ्ठी घेऊन रोगी लॅबच्या खिडकीशी उभा राहतो. राजकारणाचं विद्यापीठ म्हणवणाऱ्या कागलात त्या चिठ्ठीवर काय काय विनोद होऊ शकतात, ते वेगळं सांगायला नको.

आजाराच्या नावाची गोष्ट थोडक्यात उरकतो. 1873 मध्ये फॉन रुस्टित्स्की या रशियनाने एका मृतदेहात आठ ठिकाणी अशा मज्जेच्या गाठी पाहिल्या आणि ‘मल्टिपल मायलोमा’ हा शब्द काढला. 1889 मध्ये प्रागच्या ओटो काहलरने डॉ. लूस नावाच्या रोग्याची हकिकत छापली. हा रोगी स्वतः डॉक्टर. पहिली कळ छातीत, 1879 मध्ये. त्यानंतर आठ वर्षांत पाठ इतकी वाकली की हनुवटी छातीला टेकली. काहलरने दुखणं इतकं नेमकं मांडलं की कित्येक देशांत अजूनही त्याला काहलरचा आजार म्हणतात.

आता हे दुखणं आहे काय, ते सांगायला हवं. आपल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम, आणि पेशींचं प्रत्येक कुळ आपलं एक वेगळं प्रतिपिंड बनवतं. त्यातलं एखादंच कुळ मोकाट वाढत सुटलं की मज्जेत त्याची गर्दी होते. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही, रक्त उतरतं. शेजारचं हाड विरघळतं, त्यातलं कॅल्शियम रक्तात येतं. हे कुळ एकच निकामी प्रतिपिंड ढिगाने ओतत राहतं, त्याचे सुटे भाग लघवीवाटे जाताना मूत्रपिंडाच्या नलिका बुजवतात. आणि कामाची प्रतिपिंडं घटल्यामुळे न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. म्हणजे एकाच पेशीच्या पोरांनी चार दारं ठोठावायची: हाडांच्या डॉक्टरचं, मूत्रपिंडवाल्याचं, छातीवाल्याचं आणि रक्तवाढीच्या गोळ्या देणाऱ्याचं. प्रत्येकाने आपापल्या दारातलं पाहून औषध दिलं तर कुणाचंच चुकत नाही, आणि निदानही होत नाही.

विसाव्या शतकात अवजारं हाती येत गेली तसा हा रोग ‘वाढत’ गेला. क्ष-किरणांनी कवटीत गोल, स्वच्छ कडांची छिद्रं दाखवली. 1900 मध्ये राइटने या गाठी प्लाझ्मा पेशींच्याच आहेत हे ओळखलं. पण खरी उलथापालथ केली एका सुईने. जिवंत माणसाची मज्जा पाहायची तर हाड उघडावं लागे. लेनिनग्राडच्या मिखाईल अरिंकिनने 1920 च्या दशकाच्या अखेरीस छातीच्या मधल्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढून घेण्याची रीत बसवली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाचा आकडा पाहा. 1916 ते 1935 या काळात तिथे मायलोमाचे ओळखले गेलेले रोगी तीन. सुई आल्यानंतरच्या अडीच वर्षांत तेरा! रोग तेवढाच होता, ओळखता येऊ लागला. ‘हल्ली कॅन्सर फार वाढलाय’ असं कट्ट्यावर कुणी म्हटलं की मला हे तीन आणि तेरा आठवतात.

स्वीडनच्या आर्ने टिसेलियसने 1937 मध्ये रक्तद्रवातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात वेगळी करणारं यंत्र जाहीर केलं. ते वीस फूट लांब होतं. दोनच वर्षांत मायलोमाच्या रोग्याचा रक्तद्रव त्यातून काढला गेला आणि आलेखावर एक अरुंद, उंच, टोकदार शिखर उठलं. निरोगी माणसाच्या आलेखात त्या जागी बसका, पसरट उंचवटा असतो, कारण तिथे हजारो कुळांची प्रतिपिंडं मिसळलेली. टोकदार शिखर म्हणजे एकाच कुळाची मक्तेदारी. आज ‘एम बँड’ म्हणतात ती हीच. 1962 मध्ये जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी प्रतिपिंडाची हलकी साखळी सुटी करून तापवली, तर ती आधी गढूळ झाली आणि उकळल्यावर निवळली. वॉटसनच्या प्रश्नाला एकशे सतरा वर्षांनी उत्तर मिळालं: नळीत होत्या प्रतिपिंडाच्या सुट्या हलक्या साखळ्या.

या काळात इकडे काय चाललं होतं? मॅकबीनची नळी जोन्सकडे गेली त्याच 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे. कोल्हापुरात 1880 च्या दशकात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभं राहिलं, आजचं सीपीआर. संस्थानाचे रीजंट तेव्हा कागलचेच, जयसिंगराव आबासाहेब घाटगे, शाहू महाराजांचे जनक वडील. कॅन्सरचा शोध शिस्तीने घ्यायला मात्र 28 फेब्रुवारी 1941 उजाडावा लागला. त्या दिवशी परळला टाटा मेमोरियल उघडलं. तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाती होत्या. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा मराठी माणूस. खैनीने ओठात आणि धोतराच्या गाठीने कमरेवर होणारे कॅन्सर त्यांनी टिपले. रोग्याच्या रोजच्या सवयींत निदान शोधण्याची ती नजर होती. 1963 मध्ये मुंबईची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. 1987 मध्ये बार्शीत, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यातही कुणीतरी दारोदार जाऊन विचारल्याशिवाय आकडे कळत नाहीत, हे बार्शीने दाखवलं.

मायलोमा तसा विरळा; रक्ताच्या कॅन्सरांत साधारण दहात एक. पण आपल्याकडच्या रुग्णालयांच्या नोंदींत एक गोष्ट वारंवार दिसते. पाश्चात्त्य देशांत हा रोग पासष्टी-सत्तरीत ओळखला जातो, इथले रोगी पंचावन्नच्या आसपासचे, आणि बरेचसे हाड मोडल्यावर किंवा मूत्रपिंड बिघडल्यावर आलेले. का, ते कागल तालुक्यातल्या कुठल्याही गावात कळेल. ऊस तोडणाऱ्याची, भांगलण करणारीची पाठ दुखते यात कुणाला काय नवल? ‘मामा, वजन उचललंसा न्हवं, भरली असंल उसण,’ एवढ्यावर पहिले दोन महिने जातात. मग मेडिकलातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. मायलोमाच्या मूत्रपिंडाला नेमक्या त्याच बाधतात. मग फोटो, आणि ‘मणक्यात गॅप आहे’ हे ठरलेलं वाक्य. एखादा मणका चेपलेला दिसला तर क्षयाची शंका येते, आणि आपल्याकडे ती रास्तच असते. म्हणून कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. फोटो नीट वाचणारा डॉक्टर एक फरक पाहतो. क्षय बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो, मायलोमा सहसा चकती सोडून मणका पोखरतो.

पहिला संशय यायला मुंबई गाठावी लागत नाही, हेही खरं. तालुक्याच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन होतं, ईएसआर होतो. पन्नाशीपुढच्या माणसाची पाठ दुखते आहे, रक्त नऊवर आलं आहे आणि ईएसआर शंभरच्या पुढे, एवढं एका कागदावर आलं की जाणत्या डॉक्टरच्या भुवया वर जातात. काचेवर पसरलेल्या रक्तात तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसलेल्या दिसतात, जादा प्रथिनाने चिकटलेल्या. एकूण प्रथिन नऊ-दहा आणि त्यात अल्ब्युमिन तीनच, तर बाकीचं कुठून आलं, हा साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे. लघवी तपासायची रंगीत पट्टी इथे दगा देते. ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, हलक्या साखळ्या तिच्या हाती सहसा लागत नाहीत. पट्टी ‘निल’ सांगते आणि लघवीला फेस तर येतोच आहे, तेव्हा मॅकिन्टायरचा दिवा पट्टीपेक्षा बरा होता असं म्हणायची पाळी येते. अर्थात तो दिवाही बऱ्याच जणांना निसटू देत असे. म्हणून आता चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून विजेच्या प्रवाहात तपासतात, आणि रक्तातल्या सुट्या साखळ्या थेट मोजतात. ही मोजणी 2001 पासूनची.

खात्री अजूनही सुईच करते. आता ती छातीऐवजी कमरेच्या मागच्या हाडात घालतात. मज्जेत या एका कुळाच्या पेशी दहा टक्के किंवा जास्त, आणि जोडीला चारांपैकी एक नुकसान: कॅल्शियम अकराच्या वर, क्रिएटिनिन दोनच्या वर, हिमोग्लोबिन दहाच्या खाली, किंवा हाडात छिद्र. पण एम बँड दिसला म्हणजे मायलोमा झालाच असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये दाखवलं की अनेकांच्या रक्तात तो निमूट पडून असतो. शंभरातल्या साधारण एकाचा दर वर्षी रोगाकडे कल होतो, बाकीच्यांना नुसतं अधूनमधून तपासत राहायचं. हे काइल नॉर्थ डाकोटातल्या शेतकरी घरातले. मॅकबीनची आणि सारा न्यूबरीची हकिकत जुन्या कागदांतून काढून नव्या डॉक्टरांपुढे मांडली तीही त्यांनीच.

2014 मध्ये निदानाचे नियम बदलले. ते बदलणाऱ्या समितीच्या निबंधाचे पहिले लेखक मेयो क्लिनिकचेच व्हिन्सेंट राजकुमार, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. तोवर चारांपैकी एक तरी नुकसान होईपर्यंत थांबावं लागे. म्हणजे मॅकबीनची बरगडी तुटेपर्यंत. नव्या नियमांनुसार मज्जेतल्या अशा पेशी साठ टक्क्यांवर गेल्या, रक्तातल्या दोन प्रकारच्या हलक्या साखळ्यांचं प्रमाण शंभरपट बिघडलं, किंवा एमआरआयमध्ये एकाहून जास्त ठिकाणी मज्जेत डाग दिसले, तर हाड शाबूत असतानाच रोग धरायचा आणि औषध सुरू करायचं. यातल्या पहिल्या कसोटीला मज्जेची सुई लागते, दुसरीला रक्ताची एक बाटली. ती बाटली कागलात सकाळी भरली तरी चालते. अहवाल मोठ्या शहरातल्या लॅबमधून काही दिवसांत येतो. तपासणी लिहून देणारा मात्र तिथे, कागलातच, हजर असावा लागतो.